जरा हात लाव

दयाराम गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, सुजातानं केला. "काका, बाबा गेले," एवढं मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत. हा फोन मी अमेरिकेत, ट्रॉयमधल्या माझ्या स्वयंपाकघरात घेतला. महिना उलटला, तरी मला ते पटत नाही. गप्प बसणं त्या माणसाला कधी जमलंच नव्हतं.

आम्ही दोघं नागपूरहून मागंपुढंच इथं आलो. मी मोटारीच्या कारखान्यात चिकटलो, तो रेल्वे कंपनीत. मोठ्या कंपन्या मालगाड्यांचे छोटे फाटे टाकून देऊ लागल्या, तेव्हा आमच्यातले लोक घरं घेत होते. ह्या पठ्ठ्यानं रूळ घेतले, तेही गवत उगवलेले. मी त्याला वेड्यात काढलं. पुढं अर्ध्या मिशिगनचं धान्य आणि लाकूड त्याच्या इंजिनांमागून धावू लागलं आणि आमच्या मंडळात तो 'रेल्वेवाले काका' झाला. मी आपला पगारदारच राहिलो.

पहिला फाटा चालू लागला तसा तो जुनी वाद्यं जमवायला लागला. डफ, तुणतुणी, ढोलक्या. विदर्भातून मोठाली खोकी यायची आणि ती तळघरात उतरवताना त्याची हाक ठरलेली, "हात लाव ना बे जरा!" शाळकरी सुजाता ते ऐकून धावत यायची, खोक्यावर एक बोट टेकवायची आणि म्हणायची, "टच केलं, बाबा! नाऊ व्हॉट?" दयाराम हसून हसून पायरीवर बसायचा. एकदा मात्र हसता हसता थांबला. "तिचंच बरोबर आहे बे," मला म्हणाला. "माझा बाप जलशात डफ वाजवायचा. गावानं ऐकला, पण लांबून. त्या डफाला हात कोणी लावला नाही..."

म्हणून शहरातल्या एका संग्रहालयाला संग्रह आणि त्यासाठी नवं दालन देऊ केलं, तेव्हा त्याची अट एकच होती: मध्ये काच नको. संग्रहालयाच्या संचालक बाई म्हणाल्या, हाताच्या घामानं चामडं खराब होतं. "होऊ द्या, मॅडम. फाटलं तर नवं चढवू." दालन बांधून होईस्तोवर बाईंनी हळूहळू बाकी सगळं मोकळं ठेवायचं कबूल केलं. फक्त बापाचा डफ सर्वांत जुना, तो काचेत. नेमका तोच! तेवढ्यावर अडलं आणि तेवढ्यात हा गेला.

बाईंनी मग सुजाताला विचारलं. मला धाकधूक होती, पोरगी इथली, हो म्हणून मोकळी होईल. तिनं सांगून टाकलं, डफ काचेत जाणार असेल तर एक तुणतुणंही येणार नाही. बाई नमल्या.

गेल्या शनिवारी आम्ही डफ घेऊन गेलो. तो ठेवायला दयारामनं रुळाखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाचा चौथरा करवून घेतला होता, भलताच जड. गाडीची डिकी उघडून सुजाता म्हणाली, "काका, जरा हात लावा."

मी एक बोट टेकवलं. "टच केलं."

ती खळखळून हसली आणि तिथंच रडली. मीही रडलो. मग दोघांनी चौथरा उचलला.

डफ मांडून झाला. पाटीवर वर मराठीत, खाली इंग्रजीत लिहिलंय: हात लावा. बाईंनी ती वाचली, हातातला पांढरा मोजा काढला आणि डफावर थाप मारली. वेडीवाकडीच पडली, पण दयारामला चालली असती.