देखरेखीचा अर्ज आणि एक जास्तीची शाल

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळी अकरा. स्थळ: देऊळगाव राजा, वाचनालयाचा वरचा हॉल. हजर: व्याख्याते, म्हणजे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, वाचक मंडळाची सचिव, म्हणजे मी, मंडळाच्या बायका, काही शिक्षक, एका दैनिकाचा वार्ताहर, आणि शेवटच्या बाकावर, नेहमीप्रमाणे, गोपनीयदादा. गैरहजर: प्रमुख पाहुणे, ज्यांचा ‘निघालोच’ असा निरोप सकाळपासून तीनदा आला होता.

गोपनीयदादा म्हणजे पोलीस ठाण्यातले गोपनीय कामाचे शिपाई. गावात सभा असो, मोर्चा असो की कविसंमेलन, ते साध्या कपड्यांत येतात, कोण काय बोललं ते टिपतात आणि वर कळवतात. काम गोपनीय, माणूस मुळीच नाही. मंडपवाला पहिली खुर्ची त्यांना देतो. चहावाल्याला त्यांची बिनसाखरेची सवय ठाऊक आहे. आमच्या सभेचा विषय मी चिठ्ठीवर लिहून आधीच त्यांच्या हातात ठेवत असे, कारण नाहीतर ते शेजारच्या बाईला विचारत बसत आणि तिचंही ऐकणं बुडे.

त्या दिवशीची चिठ्ठी होती: ‘गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख’. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, हे तर आमच्यावरच हाये.” मी म्हटलं, तुमच्यावर नाही, दिल्लीच्या मोठ्यांवर आहे. ते निवांत झाले आणि वही उघडली.

माझी कार्यक्रमपत्रिका साधी होती. व्याख्यान, प्रश्न, अर्जावर सह्या, चहा. सत्कार हा शब्द तिच्यात नव्हता. मी तो मुद्दाम काढला होता.

सर छान बोलले. आपल्याकडे देशाच्या प्रमुख गुप्तचर संस्था संसदेच्या कायद्यानं स्थापन झालेल्या नाहीत, सरकारच्या आदेशावर चालतात. त्यांना जाब विचारणारी खासदारांची समिती नाही. माहितीच्या अधिकारातूनही त्यांना बरीच सूट आहे. कोणी त्यांची गुपितं चव्हाट्यावर मागत नाही. बंद दाराआड का होईना, निवडून दिलेल्या चार माणसांना त्यांनी उत्तर द्यावं, एवढंच मागणं. नागरिकांना लोकसभेकडे असा अर्ज करता येतो, फक्त त्यावर एका खासदाराची सही लागते. अर्ज सरांनी तयार केला होता, प्रती मी काढल्या होत्या.

प्रश्नांच्या वेळी अध्यक्ष उठले. त्यांना कल्पना फार आवडली होती. समिती लगेच करून टाकू, म्हणाले, तालुक्यापासूनच सुरुवात करू, अध्यक्षपद कोणी घेत नसेल तर माझी तयारी आहे. सरांनी त्यांना संसदेची समिती म्हणजे काय ते पुन्हा समजावलं. अध्यक्ष मान हलवत राहिले आणि खाली बसताना मला हळूच विचारलं की समितीत बायका किती घ्यायच्या.

हे इथवर मी सोसलं. मग त्यांनी पिशवी काढली.

आमच्या अध्यक्षांकडे शालींचा गठ्ठा असतो. जालन्याहून एकदम आणतात. हॉलची पायरी चढलेला माणूस शाल-श्रीफळाशिवाय उतरला तर वाचनालयाची अब्रू जाते, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. एक शाल सरांना दिली. दुसरी न आलेल्या पाहुण्यांची. मी खुणेनं सांगितलं, ठेवून द्या. ते मोठ्यानं म्हणाले, “काढलेली शाल पिशवीत परत जात नसते, ताई.” आणि नजर हॉलभर फिरवत शेवटच्या बाकावर थांबवली. इतकी वर्षं हा माणूस आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला येतो, एवढा नेमाचा श्रोता दुसरा दाखवा, म्हणाले.

गोपनीयदादा ‘ड्युटीवर आहे, ड्युटीवर आहे’ असं दोनदा म्हणाले. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि टाळ्यांपुढे आमच्याकडे कोणाचं चालत नाही. त्यांना हाताला धरून पुढे आणलं, शाल घातली, नारळ दिला. वार्ताहरानं ‘इकडे बघा’ म्हटलं. त्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा: गुप्तचर संस्थांवर अंकुश हवा. खाली फोटो. मधोमध शाल पांघरलेले गोपनीयदादा, आणि फोटोखालच्या ओळीत ‘कार्यक्रमास उपस्थित मान्यवर’. सरांचा अर्धा कान दिसत होता. अर्जाबद्दल बातमीत चकार शब्द नव्हता.

आठवडाभरानं दादा संध्याकाळी घरी आले. बसा म्हटलं तरी दारातच उभे राहिले. बुलडाण्याच्या जिल्हा पोलीस कार्यालयातून नोटीस आली होती: ज्या सभेची माहिती काढायला पाठवलं तिथे सत्कार कसा घेतला, आणि अहवालात तो का लिहिला नाही, याचा खुलासा करा. अहवालात त्यांनी लिहिलं होतं, व्याख्यात्यांचा सत्कार झाला, सभा शांततेत पार पडली.

“माह्या स्वतःच्या शालीचं काय लिहू, ताई? मीच माह्यावर रिपोर्ट करू?”

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण त्यांचा चेहरा हसण्याजोगा नव्हता. पोरगी दहावीला होती. मूळ गाव अमडापूर. तिथून मोठ्या मुश्किलीनं इथल्या शाळेत घातलेली, आता कुठं तिला गणित जमू लागलेलं. या नोटिशीवर बदली झाली तर घर हलवायचं की पोरीला ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. बाकी शिक्षा काहीही चालली असती.

मी कामाला लागले. आधी अध्यक्षांकडून लेखी घ्यायचं, की शाल आम्ही जबरदस्तीनं घातली. अध्यक्षांना ‘जबरदस्ती’ हा शब्द लागला. सन्मान केला आणि वर गुन्हेगार ठरलो, असं ते दुकानात गिऱ्हाईकांसमोर बोलत बसले. शेवटी ‘आग्रहाखातर’वर तडजोड झाली. मग वार्ताहराकडे खुलासा छापायला सांगायला गेले. तो म्हणाला, नुसता खुलासा पेपरात लागत नाही, काहीतरी कार्यक्रम करा, फोटोसकट लावून देतो. मी परत आले.

पत्र घेऊन स्वतः बुलडाण्याला गेले. कार्यालयातल्या बाबूनं ते नीट वाचलं, शिक्का मारून पोच दिली. मी विचारलं, यावर काय निर्णय होतो ते कधी कळेल? तो सभ्य माणूस होता. म्हणाला, “कळणार नाही, मॅडम. विषय गोपनीय आहे.” मी म्हटलं, विषय शालीचा आहे. तो म्हणाला, शाखा गोपनीय आहे.

सरांना विचारलं, माहिती अधिकारात टाकू का? ते म्हणाले, टाका, पण हेच उत्तर टाइप होऊन येईल. पुढे त्यांनी एक तास मला केंद्राच्या संस्था आणि राज्याचे पोलीस यातला फरक समजावला. दादांचा प्रश्न राज्याचा आहे, संसदेच्या अर्जात तो बसत नाही, गल्लत करू नका. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी मला बरोबर असण्याचाच कंटाळा आला होता.

अर्ज मात्र पुढे न्यायलाच हवा होता, म्हणून बुलडाण्याच्या त्याच फेरीत खासदारांच्या कार्यालयात प्रत दिली होती. त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. अर्ज चांगला आहे, पण नुसत्या तत्त्वावर साहेब सही करत नाहीत. मतदारसंघातलं एखादं उदाहरण टाका. कोणाबद्दल तरी वर कळवलं गेलं, त्यातून त्याचं नुकसान झालं, आणि विचारायला जागा नाही, असं काहीतरी. म्हणजे लोकांना पटतं.

मी फोन ठेवला. उदाहरण माझ्याकडे होतं. सरांना सांगितलं तर त्यांनीही या वेळी राज्य-केंद्र काढलं नाही. म्हणाले, तिसऱ्या परिच्छेदात दाखला म्हणून चालेल, फक्त त्यांची परवानगी घ्या. माणूस एकच असेल तर नाव न लिहिताही कळतं.

परवानगी मागायच्या आधीच ऑर्डर आली. बदली, मोताळ्याकडे, प्रशासकीय कारणास्तव. या दोन शब्दांत सगळं मावतं. आमचं पत्र कोणी वाचलं की नाही, वाचून विश्वास ठेवला की नाही, की पत्रामुळेच प्रकरण वाढलं, काहीही कळायला मार्ग नाही. त्यांची बायको आणि पोरगी इथेच भाड्याच्या खोलीत राहिल्या. ते सुटी मिळाली की बुलडाण्याला बस बदलून येतात.

असेच एका रविवारी आले. वाचनालयात मी एकटीच होते, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होते. त्यांनी पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली. घडी दुकानातल्यासारखी. घरात ठेवायला भीती वाटते, म्हणाले.

मी चहा मागवला, बिनसाखरेचा. मग तिसऱ्या परिच्छेदाचं विचारलं. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, बोट लावून, ओळ न ओळ.

“इतकी वर्षं मी लोकायचं लिहून वर पाठवून राह्यलो,” ते म्हणाले. “वर त्याचं काय होते, मले कोणी कधी सांगतलं नाही. मीबी विचारलं नाही. आता माह्यावर कोणी लिहलं, तेबी मले दिसत नाही.”

मग लिहू का, मी विचारलं.

“लिहा. पण पोरीची दहावी होऊ द्या, ताई. आता कोणी पुन्हा नाराज झालं तर तिलेही इथून हलवा लागीन. परीक्षा झाली का मी स्वतः येतो. नाव टाकून लिहा मंग.”

ते गेल्यावर मी शाल कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, कारण ठाण्यात नवीन माणूस आला आहे. मागच्या सभेला तो तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि अध्यक्ष त्याच्याकडे प्रेमानं पाहत होते.

स्वीय सहायकाचा परवा पुन्हा फोन होता: उदाहरण तयार आहे का? मी सांगितलं, परीक्षेनंतर. कोणाच्या परीक्षेनंतर ते त्यानं विचारलं, आणि मी सांगितलं नाही. अर्ज फाइलमध्ये आहे. सह्यांचा कागद जोडला आहे, पहिला, दुसरा आणि चौथा परिच्छेद नव्यानं टाइप झाला आहे. तिसऱ्याची जागा मोकळी सोडली आहे. तो लिहायचा बाकी.