दामल्यांना सुखरूप परत आणा!

फोटोंचं एक बरं असतं, नको ते डिलीट मारता येतात. किस्स्यांना ते बटणच नाही! आम्ही तिघं दर रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन पुण्याबाहेर पडतो, निसर्ग टिपायला. परत येतो तेव्हा कार्डात चार बरे फोटो आणि डोक्यात एक नवा किस्सा. फोटो बघायला कुणाला वेळ नसतो. किस्सा मात्र लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा आग्रहानं सांगायला लावतात.

तिघं म्हणजे मी, दामले आणि प्राची. दामले कारखान्यातून रिटायर झाले, मी कॉलेजच्या ऑफिसातून. प्राची अमरावतीची, आयटीत आहे, आणि गाडी तिची. माझा स्वभाव आधीच काळजीचा. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे बघायला मी एकदा कात्रजहून परत आलोय! त्यात दामल्यांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट बसले. बरे होऊन पहिल्यांदा निघाले त्या दिवशी त्यांची बायको सोसायटीच्या गेटपर्यंत आली आणि गोळ्यांची पिशवी दामल्यांच्या नाही, माझ्या हातात दिली.

"सानेभाऊजी, तुमच्या भरवशावर पाठवतेय हं. सुखरूप परत आणा."

झालं! त्या दिवसापासून माझी फोटोग्राफी संपली आणि राखणदारी सुरू झाली.

*

पहिलाच रविवार. पानशेतच्या बाजूला पाण्याकाठी गेलो होतो. मी जरा लांब ट्रायपॉड लावत होतो. वळून बघतो तर काय, दामले चिखलात पालथे! हात पुढे, मान एका बाजूला, हालचाल नाही.

ट्रायपॉड तिथंच टाकला, धावलो, त्यांना धरून सरळ उताणं केलं आणि छातीवर दोन्ही हात ठेवले.

"अहो साने," दामले खालून म्हणाले, "लो अँगल घेत होतो. पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब छान पडलं होतं. आता त्यात तुमचं तोंड आहे."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी शर्टावरचा चिखल झटकला.

"काळजी करू नका. मी गेलो की पहिला फोन तुम्हालाच करीन!"

*

वहिनींचा नियम होता की दामल्यांनी तासातासाला जिथे असतील तिथला फोटो पाठवायचा, म्हणजे त्यांना कळणार की माणूस धड आहे. दामले पडले आळशी. त्यांनी काय करावं? मोबाइलमध्ये जुने फोटो साठवून ठेवले आणि त्यातलाच एकेक पाठवायला लागले!

एका सकाळी आम्ही खडकवासल्याला चहा पीत होतो. माझा फोन वाजला. वहिनी.

"भाऊजी, खरं सांगा, हे कुठे आहेत?"

"इथेच, माझ्या शेजारी. भजी... म्हणजे चहा पितायत!"

"मग आत्ता पाठवलेल्या फोटोत सूर्य पाण्यावर कसा टेकलाय? खडकवासल्याला सूर्य पाण्यात बुडतो हो, उगवत नाही! आणि सावल्या सगळ्या रस्त्याकडे पडल्यात. तीस वर्षं यांच्या फोटोंना 'छान' म्हणतेय मी, एवढंही कळणार नाही का मला?"

मी फोन दामल्यांकडे दिला. पुढची दहा मिनिटं ते फक्त "हो" म्हणत होते. शेवटी फोन ठेवून म्हणाले, "साने, बायकोला कधी लाइट शिकवू नये."

*

ताम्हिणीचा किस्सा थोडा लाजिरवाणा आहे, पण सांगतो.

धबधबा दुधासारखा मऊ दिसावा म्हणून कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवतात. तेवढ्या वेळात समोर कुणी फिरकायचं नसतं. दामल्यांनी शटर दाबलं आणि माझ्या लक्षात आलं, अरे, यांची सकाळची गोळी राहिली! मी गेलो तडक. एका हातात गोळी, एका हातात बाटली, आणि उभा राहिलो बरोबर कॅमेऱ्यासमोर.

"काका, सरका ना बाप्पा!" प्राची ओरडली. "काऊन उभे राहिले तिथं?"

फोटो आला. धबधबा अगदी दुधासारखा. आणि शेजारी धुरकट, आरपार दिसणारं काहीतरी, हात पुढे केलेलं! तिथल्या चहावाल्या मावशींनी स्क्रीनवर तो बघितला आणि पदर तोंडाला लावला.

"अगं बया! लोक म्हणत्यात ते खरं हाय म्हणायचं. हितं कायतरी फिरतंय!"

"फिरतंय ना," दामले म्हणाले. "साने म्हणतात त्याला. गोळी घेतल्याशिवाय सोडत नाही."

*

एकदा धरणाच्या भिंतीजवळ ट्रायपॉड लावला आणि समोरून वॉचमन आला. इथे फोटोला परवानगी असते का, नसते का, मला काही माहीत नव्हतं. तो तोंड उघडायच्या आत मीच सुरू झालो.

"आम्ही काही केलेलं नाही! आधार कार्ड आहे! ह्यांना हार्टचा त्रास आहे, ह्यांना चौकीवर नेऊ नका, मला न्या!"

वॉचमन बिचारा गोंधळला. म्हणाला, "साहेब, माझा एक फोटो काढता का? गावाकडं पाठवायचाय. मागं पाणी येऊ द्या."

हुश्श! दामल्यांनी मोठ्या हौसेनं काढला. त्यात आकाश आलं, ढग आले, डोंगराची रांग आली, पाण्याचं वळणसुद्धा आलं. वॉचमननं स्क्रीन डोळ्याजवळ नेली, लांब नेली.

"झकास आलाय," तो म्हणाला. "पण मी कुठाय?"

*

आता सिंहगडचा सांगतो आणि थांबतो.

गडावरून ढग फुटून उन्हाचे पट्टे खडकवासल्याच्या पाण्यावर पडताना टिपायचे, हे दामल्यांचं जुनं वेड. आजारपणाच्या आधीपासूनचं. हॉस्पिटलातसुद्धा त्यांनी मला विचारलं होतं, "आज गडावर लाइट कसा असेल हो?" त्या रविवारी ढग तसेच होते. आम्ही कड्याच्या अलीकडे उभे होतो. दामले म्हणाले, "त्या बाजूनं बघून येतो. आलोच," आणि गेले.

तेवढ्यात धुकं आलं. हातावरचं घड्याळ दिसेना!

मी हाका मारल्या. उत्तर नाही. फोन लावला, रेंज नाही. प्राची एका बाजूला शोधायला गेली, मी दुसऱ्या. पुढे कडा कुठे संपतो ते कळत नव्हतं. वहिनींना काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात. कुणी म्हणेल साने उगाच घाबरतो. घाबरतो हो! माणूस गेल्यावर घाबरून काय उपयोग? मी ओरडत राहिलो आणि एकाएकी मलाच गरगरायला लागलं. घाम फुटला, छाती भरून आली. मी दगडावर खाली बसलो.

"साने, किती ओरडता? गडावर दुसरेही दामले असतील."

धुक्यातून ते आले. माझा चेहरा बघितला आणि पुढचा टोमणा त्यांनी गिळला. शेजारी बसले, मनगट धरून नाडी बघायला लागले. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू?

आणि नेमकं तेव्हा धुकं फाटलं. खाली खडकवासल्याचं पाणी, त्यावर उन्हाचे लांब लांब पट्टे!

"दामलेकाका, लाइट!" प्राची धावत आली. "काढा ना लवकर!"

कॅमेरा त्यांच्या गळ्यातच होता. त्यांनी एकदा खाली बघितलं. मनगट सोडलं नाही.

"आधी पाणी प्या," मला म्हणाले. "हळूहळू."

मी बाटली संपवेपर्यंत ढग पुन्हा मिटले होते.

गडाखाली एका डॉक्टरांनी तपासलं. बीपी चढलंय, बाकी ठीक, आराम करा, म्हणाले. प्राचीनं वारज्याला आणून सोडलं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. दामल्यांनी माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागले.

"अहो, तुमचे स्टेंट!"

"जिना चढता यावा म्हणूनच बसवलेत," ते म्हणाले.

दार सुनीतानं उघडलं. माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट दामल्यांवरच घसरली.

"अहो भाऊजी, काय हे! दर रविवारी वारज्याचा पूल आला की तुमचा मेसेज येतो ना, 'साने धडधाकट, वरण-भात लावा' म्हणून? आज आला नाही, तर इकडे माझा जीव टांगणीला!"

दामले बूट काढायला खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.