माझी पहिली छापील पानं

शबाना मॅडम नसत्या, तर सातवीत शाळा सुटलेली मी आज पुण्यात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले नसते. मघाशी प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदांचा वास आला आणि धाराशिवचा त्यांचा बायकांसाठीचा संगणक वर्ग आठवला.

मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशासाठी निबंध टाइप करून पाचपर्यंत अभ्यास केंद्रावर द्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया. वहीत लिहितात तशी मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एन्टर दाबून खाली उतरले होते. चार वाजता अक्षर मोठं केलं, तर सगळ्या ओळी अर्ध्यात तुटल्या.

"मॅडम, समदं मोडलं! तुम्हीच करा की."

"मी न्हाय हात लावायची. ओळ कुठं वळवायची ते कम्प्युटरला कळतंय, तू नको शिकवू. खोड ते एन्टर."

एकेक एन्टर खोडत गेले. पाचला दहा कमी असताना तीन पानं बाहेर आली, नीटनेटकी, वर माझं नाव.

"घ्या लेखिकाबाई, पळा आता!"

मी पळाले, आणि पोचलेही!

तेव्हा मॅडम निष्ठुर वाटल्या होत्या. त्यांनी हात लावला असता, तर ती पानं माझी राहिली नसती, हे आता कळतं.

मॅडम, पदवी हातात पडू द्या. तुमच्या वर्गात येऊन नव्या बायकांना मी शिकवीन, शब्द देते.