साहेबांची सीट

"पहिले उतरा."

गाडी कोणाचीही असो, आमच्या शेजारचे मिस्त्री आधी हेच म्हणत. मालक आत बसलेला असताना त्यांनी गाडीला कधी हात लावला नाही. एकदा तर एका ठाणेदाराला उतरवून माझ्या दुकानापुढच्या स्टुलावर बसवलं होतं.

स्नेहलतागंजात माझं सीट कव्हरचं दुकान आणि त्याला लागून त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं. त्याआधी ते मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. राग आला तर ओरडत नाही, जपून ठेवतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं एकदा चारचौघांत त्यांना "रुक ना यार" म्हटलं, तेव्हापासून मिस्त्री चहाला पार स्टेशनपर्यंत चालत जात.

"काका, तो बिचारा विसरलाही असेल," मी म्हटलं.

"विसरू दे ना भिया. मला याद है."

चहाची गोष्ट हसण्यावारी न्यायची. दुसरी मात्र तशी नव्हती. मिलमधून तांब्याची तार चोरीला गेली, तेव्हा एका साहेबानं चोर म्हणून ह्यांचं नाव दिलं. सगळ्या पाळीसमोर गेटवर झडती झाली. सापडलं काहीच नाही, तरी नोकरी गेली. पुढे मिलच बंद पडली आणि सगळेच घरी बसले. "बाकीच्यांची नोकरी गेली," मिस्त्री म्हणत, "माझं नाव गेलं." त्यांचे वडील त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. झडती झाली त्या दिवसापासून ते मुलाशी बोलले नाहीत, आणि न बोलताच गेले.

मग नव्या नव्या गाड्यांचे दिवस आले. एका दुपारी दुकानापुढे एक परदेशी गाडी थांबली. ड्रायव्हरची सीट पुढे सरकून स्टिअरिंगला भिडलेली, आणि दोन्हींच्या मध्ये एक वयस्क गृहस्थ कोंबलेले.

"पहिले उतरा," मिस्त्री म्हणाले. पण उतरता कुठे येत होतं! मी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं.

"बटण दाबलं की पुढे येते, मागे जातच नाही," ते घाम पुसत म्हणाले. "शोरूमवाले म्हणतात, पार्ट मुंबईहून येणार. गाडी आमच्या शेठजींची आहे हो. संध्याकाळी त्यांना घ्यायला एअरपोर्टवर जायचंय."

मिस्त्री त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग मागच्या बाजूनं आत शिरून पालथे पडले आणि सीटखाली टॉर्च धरला. बटण दाबलं की मोटर घुरघुरत होती, म्हणजे ती ठीक होती. सीट कुठवर सरकली आहे हे गाडीला सांगणारा एक सेन्सर खालच्या पट्टीवर असतो. त्याच्या तारेला मीटर लावून मिस्त्रींनी ती बोटानं हलवली, तर मीटरचे आकडे उड्या मारू लागले. घासून घासून तार आतून तुटली होती. सीट कुठे आहे हेच गाडीला कळत नव्हतं, म्हणून ती सीटला मागे जाऊ देत नव्हती.

"मिळालं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"मिळालं. अर्ध्या तासाचं काम आहे." मिस्त्रींनी मीटर बंद केला. "पण पहिले माझ्या घरी चला."

मग त्यांनी मिलचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं. नाव देणारे साहेब ते हेच होते. त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, किती वर्षं झाली त्याला... वरून दबाव होता. कोणाचं तरी नाव द्यावंच लागत होतं."

"माझंच का?"

साहेबांनी खरोखर आठवून पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी समोर होतात."

मिस्त्री हात उचलतील असं मला वाटलं. उचलला असता तर मी अडवलं नसतं. पण ते चालू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि त्यांच्या मागे निघाले. मीही गेलो.

घर मागच्याच गल्लीत होतं. मिस्त्रींच्या आईंनी साहेबांना ना बसा म्हटलं, ना पाणी विचारलं. साहेब पुटपुटू लागले तसं त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "मला काय सांगता? ह्यांना सांगा."

साहेबांनी फोटोपुढे हात जोडले. "चोरी तुमच्या मुलानं केली नव्हती."

"मोठ्यानं बोला," आई म्हणाल्या. "साच्यांच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते."

साहेब ओरडून बोलले. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पुन्हा," आई म्हणाल्या.

परत आल्यावर मिस्त्रींनी तार जोडून कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली आणि पुन्हा घासू नये म्हणून ती पट्टीपासून लांब बांधली. सीट पार मागेपर्यंत नेली, पुढे आणली. कामात त्यांनी कुठे खोट ठेवली नाही. साहेबांनी स्टिअरिंग धरलं आणि खिडकीतून विचारलं, "आता मनात काही नाही ना?"

"गाडीचं झालं," मिस्त्री म्हणाले.

पुढे काही वर्षांनी मिस्त्री वारले. त्यांच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मध्यंतरी साहेब काठी टेकत माझ्याकडे आले. फार खंगले होते.

"ते माझ्याबद्दल कधी काही बोलले का हो? माफ केलं होतं का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं घरी गेला असता. बघणारंही कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही."

ते पायऱ्या उतरून उन्हात गेले. मी मशीनवर पाय ठेवला आणि अर्धी राहिलेली शिवण पुढे नेली.