आईच्या लेसचं पोलकं

पोलकं शिवून झालं, लेसही लागली, आणि मापासाठी घरून आलेलं पोलकं गाठोड्यात घडी न मोडता सापडलं. म्हणजे आम्ही बेतलं होतं ते दुसऱ्याच मापावर.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. परभणीत उस्तादांच्या दुकानात मी शिवायचो. शिंपी तेव्हा बायकांचं माप अंगावर घेत नसत. घरून अंगाला बसणारं पोलकं यायचं, त्यावरून कटिंग. चारठाण्याचे आप्पा मुलीला, शांताला, घेऊन आले होते. तिचं लग्न ठरलं होतं, नवरा हैदराबादेत नोकरीला.

आप्पांनी गाठोड्यातून पिवळ्या पडलेल्या विलायती लेसचं पोलकं काढून पुढं ठेवलं. "हे हिचं." ही म्हणजे त्यांची बायको, शांता रांगत असताना वारलेली. "पोरीला नव्या कापडाचं, नव्या फॅशनचं करून द्या, लेस हीच लावा. आईची तेवढीच वस्तू हाय तिच्याकडं."

"माप?" उस्तादांनी विचारलं.

"हिचंच की," म्हणत आप्पांनी मागं उभ्या शांताकडं मान वळवली. उस्ताद लेस निरखत होते. त्यांनी मान पाहिलीच नाही, 'हिचं' म्हणजे आईचंच समजले.

लेस मी सुईच्या टोकानं उसवली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली. मग नवं पोलकं शिवलं, फुग्याच्या बाह्या, पुढं हुक, आणि लेस त्याला लावली. जुनी लेस एकदा उसवलेली सोसते. दुसऱ्यांदा हात लावला की सुतासुतानं सुटते.

गाठोड्यातलं पोलकं मी उस्तादांपुढं धरलं. "उस्ताद, आपण आईच्या मापानं शिवलं!"

त्यांनी ते पोलकं परत गाठोड्यात ठेवलं. मग म्हणाले, "मेरे सर पे डाल. तू कुछ नक्को बोल."

आप्पा शांताला घेऊन आले तेव्हा उस्तादांनीच सांगितलं. आप्पा मटकन बाकड्यावर बसले. "लगीन तोंडावर आलंय वो. आता दुसरी लेस कुठून आणू?"

शांता पुढं आली. पोलकं उचलून उस्तादांच्या घरात, आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तर खांदा खांद्यावर, बाही दंडाला बेतून, कुठं चुणी नाही.

"आप्पा, तुमी मापाला आणलेलं माजं पोलकं मला कवापासनं होत न्हाई," ती म्हणाली. "हे बसलं बगा."

घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. आप्पांनीच हाताला लागलं ते गाठोड्यात बांधलं होतं. ते तिच्याकडं बघत राहिले.

"हिच्याएवढी झाली की पोर," म्हणाले, आणि उपरण्यात तोंड लपवून रडले. उस्ताद मशीनला तेल घालायला लागले, सकाळीच घातलेलं असून.

पुढं मी स्वतःचं दुकान काढलं. मुलीचं माप मात्र बापाला कधी विचारलं नाही.