झाडावरचं सासर

रानातल्या त्या गावात रस्ता संपतो आणि वाटाड्याची होडी सुरू होते. नदीचं वळण न् वळण त्याला तोंडपाठ, पण पक्ष्यांच्या नावांचा मात्र आनंदीआनंद. पाहुण्यांपुढे "माहीत नाही" म्हणणं जिवावर येई, म्हणून त्याने आपलं अख्खं सासरच झाडांवर बसवलं होतं. चोच मोठी आणि काम शून्य, तो मेहुणा पक्षी. उजाडल्यापासून कोकलतो, तो सासूबाई पक्षी.

त्या दिवशी होडीवर पाहुण्यांसाठी रांधणारी स्वयंपाकीण आजारी पडली, म्हणून तिच्या जागी वाटाड्याची बायकोच आली. पाहुण्या होत्या गेल्या वर्षीही येऊन गेलेल्या निवृत्त मास्तरीणबाई, तेव्हा ही नावं टिपून घेतलेल्या वहीसकट.

"अहो, तो बघा तुमचा सासूबाई पक्षी!" बाई आनंदाने ओरडल्या. "काय हो हा घसा!"

वाटाड्याचं वल्हं जागीच थबकलं. आज जेवण तर गेलंच, बहुधा संसारही, असं त्याला वाटलं.

बायकोने डोळ्यांवर हात धरून पक्षी नीट न्याहाळला.

"वहीत खोडा, बाई," ती म्हणाली. "माझी आई मध्ये श्वास तरी घेते. ही यांची आत्या."

आत्येनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तरी त्याने मान डोलावली आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं, कारण आवाज खरंच तिचाच होता.