ड्रमच्या आतली काळी रेघ

पुंडलिकनगरमधल्या त्या घरात मोरीतल्या निळ्या ड्रमवर मी विजेरी धरली. उजेड पाण्यात उतरला आणि अळ्या दचकून तळाकडे गेल्या. डेंग्यूच्या डासाची मादी स्वतःतला विषाणू अंड्यांतही उतरवते का, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न होता. अळ्या मला जिवंत हव्या होत्या.

"मॅडम, पाणी तेवढं सांडू नका," घरची बाई म्हणाली. "नळाला अजून सहा दिवस हायत."

मी चहाच्या गाळणीने अळ्या बरणीत घेऊ लागले. तिची आठ वर्षांची मुलगी काठावर हनुवटी टेकून पाहत होती.

"मम्मी, मॅडम डासाची पिल्लं पाळतात!"

"गप. तुझ्या डोक्यातल्या उवा पण नेतील."

तिघीही हसलो. निघताना मी सांगितले, उरलेले पाणी जुन्या साडीतून गाळून दुसऱ्या पिंपात घ्या, घट्ट झाका. रिकामा ड्रम आतून घासायला सांगायचे राहिले. बरणी उन्हाने तापेल, एवढीच माझी घाई. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर, ड्रमच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती गाळली जात नाहीत. कोरडी पडूनही जगतात आणि पुढचे पाणी चढले की फुटतात. हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले आहे.

प्रयोगशाळेत, अळ्यांना खायला घातलेल्या यीस्टच्या आंबूस वासात, त्यांचे डास झाले. काही आठवड्यांनी अहवाल आला: त्यांच्यात विषाणू होता. मी तशीच रिक्षा करून त्या घरी निघाले.

दाराबाहेर चपलाच चपला होत्या. डेंग्यूच्या तापाच्या सहाव्या दिवशी मुलगी गेली होती.

"तुम्ही सांगितलं तसंच गाळलं, मॅडम," तिची आई म्हणाली. "दर पाण्याला. दोन-दोनदा."

"ड्रम आतून घासायचा होता. मी सांगायला विसरले."

डास कोणत्याही घरातून आला असेल, हे वाक्य माझ्याजवळ होते आणि ते खोटेही नव्हते. मी ते गिळले.

ती उठून काथ्या घेऊन आली.

"उद्या नळ येणार हाय. दाखवा, कसं घासायचं."

मी रिकामा ड्रम आडवा केला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना अंड्यांची ती रेघ लागली, वाळलेल्या काजळीसारखी, खरखरीत. मी घासत राहिले. थांबले की मागून तिचा आवाज यायचा, "अजून."